पंचफुलाबाईचा डूख

मल्हारीला ठाण्यावर धरून नेलं, त्या दुपारी पंचफुलाबाई अंगणात करंजाच्या शेंगा फोडत बसली होती. चैत्र लागला होता. समोर शेंगांचा ढीग, हातात बाभळीचं लाकडी ठोकणं. शिपाई दारात उभा राहिला तेव्हाही तिचा हात चालूच होता. पाटलाकडं कोणी आलं असेल आणि त्याला वाट विचारायची असेल, असं तिला वाटलं.

"मल्हारी धनगर कुठं हाय?"

मल्हारी ओढ्याकाठी मेंढरांना तेल चोळत होता. त्या साली कळपात खरूज आली होती आणि करंजाच्या तेलाशिवाय तिला दुसरा उतारा नव्हता. शिपायानं त्याला तेलाच्या हातानंच नेलं. कारण एकच सांगितलं : व्यंकटराव पाटलाच्या घरातले चांदीचे तोडे गेले, आणि त्या दिवशी मल्हारी घरामागं हिंडताना दिसला होता.

खरी गोष्ट आठ दिवस आधीची होती. कुरुंदा गावापासून कोसभरावर, गायरानाच्या कडेनं, ओढ्याच्या काठी अकरा करंज होते. धनगरांची दहा-बारा घरं त्यांच्यावरच जगत असं म्हणायला हरकत नव्हती. उन्हाळ्यात सगळं रान करपलं तरी करंज हिरवा. मेंढरं दुपारभर त्याच्या सावलीत बसत. शेंगांचं तेल दिव्याला, मेंढराला, माणसाच्या नायट्याला. काडी दाताला. सालीचा दोर. व्यंकटरावाची त्या साली हळद चांगली आली होती आणि ती शिजवायला सरपण कमी पडत होतं. त्यानं कुऱ्हाडीवाले गडी पाठवले आणि स्वतःही मागून आला.

मल्हारी झाडाला पाठ लावून उभा राहिला.

"झाडं गायरानातली हायत, मालक. सरकारी हायत."

"इथं सरकार कोण रं? मीच ना?"

"तुमी पाटील, बराबर हाय. पण ही तोडली तर चैत्र-वैशाखात मी मेंढरं बसवू कुठं?"

गड्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि कुऱ्हाडी खाली टेकवल्या. त्यांच्याही घरात संध्याकाळी करंजाच्याच तेलाचा दिवा लागत होता. चार माणसांत पाटलाचा शब्द मातीत पडला. व्यंकटराव घोडी वळवून निघून गेला. मल्हारीला वाटलं, मिटलं.

चाळीस दिवस मल्हारी ठाण्यात होता. तिथल्या फौजदाराची आणि व्यंकटरावाची बैठक एक. मल्हारी आत असतानाच अकराच्या अकरा करंज तोडले गेले. पंचफुलाबाई आणि तिचा दीर पुंजाजी रोज जेवण घेऊन ठाण्याच्या फाटकापर्यंत जात, आणि भाकरी आत जाते की कुत्र्याला पडते हे न कळता परत येत. मल्हारी सुटून आला तो पुंजाजीच्या पाठीवर. तळपाय सुजून काळे पडले होते आणि खोकल्याबरोबर रक्त येत होतं. सतरा दिवस तो जगला.

शेवटच्या दिवशी त्यानं तिला जवळ बोलावलं.

"तोडे म्या न्हाई घेतले, पंचफुले."

"मला ठाऊक हाय की."

"तुला हाय," तो म्हणाला. "गावाला?"

संध्याकाळी तो गेला.

पंचफुलाबाई तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची. पोटी लेकरू नव्हतं. हटकर धनगरांत विधवेचा पाट लावायची रीत होती. महिन्याभरात दोन ठिकाणांहून निरोप आले. तिनं पुंजाजीला सांगितलं, "भावजी, सांगा त्यायला, ही बाई अजून एकाच्याच नावानं हाय. त्याचं काम राहिलंय." कोणतं काम, ते पुंजाजीनं विचारलं नाही. तिच्या तोंडाकडं पाहूनच त्याला कळलं असावं.

पहिल्यांदा तिच्या मनात जे आलं ते सोपं होतं. करंजाच्या बिया कुटून डोहात टाकल्या की मासे झिंगून वर येतात, हे धनगरांच्या पोरांनाही ठाऊक. माशाला लागतं ते माणसालाही लागंल, असा तिचा हिशेब. एका दुपारी ती टोपलीभर कूट घेऊन व्यंकटरावाच्या मळ्यातल्या विहिरीवर गेली. ऊन मी म्हणत होतं, मोट थांबलेली, मालक माडीवर झोपलेला. तिनं टोपली डोक्यावरून उतरवली. तेवढ्यात हळदीच्या रानात खपणाऱ्या बाया पाणी प्यायला आल्या. त्यांच्यातली एक भिकाबाई, थकलेली म्हातारी, तिनं ओंजळ धरली आणि म्हणाली, "घाल गं पाणी, पंचफुला. तुझ्या हातचं तरी पिऊ दे." पंचफुलाबाईनं पोहरा सोडून तिला पाणी घातलं, पाठोपाठ बाकीच्यांना घातलं, आणि टोपली उचलून परत आली. कूट तिनं ओढ्याकाठी एका तोडलेल्या करंजाच्या बुंध्याशी ओतलं. वाटेत ती स्वतःलाच बोलली, की या पाण्यानं मरायचे ते भलतेच. ज्याचं त्यालाच भोगायला लागलं पाहिजे, आणि जिवंतपणी, लोकांच्या डोळ्यांदेखत.

आषाढात त्या बुंध्यांना फुटवे आले. करंज मरत नाही, हे व्यंकटरावाला ठाऊक नसावं. किंवा सरपण मिळाल्यावर तो बुंध्यांना विसरला. मुळांतूनही कोंब वर आले. पंचफुलाबाईनं बाभळीच्या काट्या आणून एकेका बुंध्याभोवती कूप केलं. मेंढरांनी तोंड लावू नये म्हणून ती स्वतः काठी घेऊन बसायची. आणि त्याच पावसाळ्यात घरातलं सगळं बियाणं तिनं बाहेर काढलं. ज्या शेतकऱ्यानं होय म्हटलं त्याच्या बांधावर, ओढ्याच्या दोन्ही अंगांना, माळावरच्या मुरमात सुद्धा, तिनं बी टोचलं. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. पाणी घातलं नाही तरी त्यातलं निम्मं उगवलं.

पाच-सहा वर्षांत बुंध्यांवरच्या झाडांना शेंगा धरू लागल्या, मागून बांधावरच्यांनाही. तोवर तिनं आणि पुंजाजीनं कुरुंद्याच्या एका तेल्याकडून मोडका घाणा आणून सांधून घेतला होता. करंजाचं तेल कडू; ज्या घाण्यात ते निघालं त्यात पुन्हा खायचं तेल काढता येत नाही, म्हणून तेली आपला चांगला घाणा देत नसत. आता तिचाच घाणा झाला. गावातल्या बाया शेंगा आणून देत आणि तेल घेऊन जात. पेंड हळदीच्या वाफ्यात टाकली की वाळवी लागत नाही, मुळं कुरतडणारी हुमणी अळी दबते, हे एकानं पाहिलं आणि दुसऱ्यानं केलं. सुकलेला पाला कणगीत घातला की ज्वारीला किडा नाही. बैलाच्या खांद्याला जखम झाली, तिच्यात अळ्या पडल्या, की माणूस पंचफुलाबाईच्या दारात.

ती सगळ्यांना देई. पण एक अट होती, आणि पंचफुलाबाई ती प्रत्येकाला तोंडावर सांगे.

"पाटलाच्या उंबऱ्याच्या आत ह्यातला थेंब गेला न्हाई पाहिजे. पेंडीचा खडा न्हाई, पाल्याचं पान न्हाई. गेलं, तर तुमचंही बंद."

लोकांना वाटलं, बोलायला काय लागतं. मग तातेरावाच्या बायकोनं, सखुबाईनं, पाटलाच्या घरी एक बाटली पोचती केली. पाटलाच्या बैलाचा खांदा आला होता, म्हणून. पंचफुलाबाईला ते तिसऱ्या दिवशी कळलं. सखुबाई पुढच्या वेळी तेलाला आली तेव्हा तिनं तिचं मडकं हातात घेतलं, आत पाहिलं आणि रिकामंच परत दिलं.

"काहून?"

"त्या बैलाला विचारा काहून ते."

"अगं, मुकं जनावर—"

"माझा माणूसही मुकाच गेला, सखुबाई. त्याचं कोणी ऐकलं न्हाई."

वर्षभर तातेरावाच्या घरात तिनं काही जाऊ दिलं नाही. तातेराव स्वतः दोनदा येऊन गेला, हात जोडून गेला. पुंजाजी म्हणाला, "वैनी, ही माणसं आपली हायत. पाटलाचा राग त्यायच्यावर काहून?" ती म्हणाली, "आपली हायत म्हणूनच." त्यानंतर मात्र गावात कोणी चूक केली नाही.

व्यंकटरावाचं पहिली दोन वर्षं काही अडलं नाही. तो वसमतच्या बाजारातून एरंडीची पेंड आणी, घासलेटचा डबा आणी, आणि हसून म्हणे, "धनगरीन मला अंधारात बसवनार हाय म्हनं!" मग जर्मनीची लढाई लांबत गेली आणि घासलेट मिळेनासं झालं. रेशनवर पावशेर, तेही महिन्यातून एकदा. ज्याच्यासाठी वसमतचा दुकानदार आधी दुकानाबाहेर येत असे, त्या व्यंकटरावालाही तो हात हलवून नाही म्हणू लागला. गावात मात्र घरोघर दिवे लागत. करंजाच्या दिव्याला धूर होतो, वास येतो, पण तो जळतो. दिवेलागणीला पंचफुलाबाई घाण्याच्या ओट्यावर उभी राही आणि गावाकडं पाही. बुटक्या घरांच्या कोनाड्यांत पिवळे ठिपके दिसत, आणि मधे पाटलाची माडी काळी. ते पाहून तिला भाकरी गोड लागे.

एकदा पुंजाजीनं विचारलं, "एवढ्यानं जीव थंडावतो का, वैनी?"

"न्हाई," ती म्हणाली. "पण ऊब लागते."

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात व्यंकटरावाची हळद हुमणीनं खाल्ली. बाजूच्या रानात मात्र हळद उभी होती. त्यानं पुन्हा कुऱ्हाडी काढल्या. या वेळी त्याला सरपण नको होतं. गडी परगावचे आणले होते. सकाळच्या प्रहरी ते ओढ्याकाठी आले आणि पहिल्या झाडावर पहिला घाव बसला.

पंचफुलाबाई धावत निघाली, पण ती पोचायच्या आधीच तिथं माणसं होती. तातेराव सगळ्यांत पुढं. ज्याचं मडकं तिनं वर्षभर रिकामं परत केलं, तोच. त्यानं गड्याच्या हातातली कुऱ्हाड धरली.

"बस करा, व्यंकटराव."

"तू मला सांगतूस, तात्या?"

"मी न्हाई. माझी हळद सांगती, माझ्या घरातला दिवा सांगतो. झाडं पडली तर गाव आंधळं व्हतंय. आन् एक ध्यानात ठेवा, तव्हा एकटा मल्हारी होता. आज आमी समदे हाव."

व्यंकटरावानं एकेका तोंडाकडं पाहिलं. त्याच्या शेताचा बांध ज्यांच्या बांधाला लागून होता ते, त्याच्या घरी पंगतीला बसणारे, त्याच्या बापाच्या काळापासूनचे गडी. कोणी नजर खाली घातली नाही. तो परतला. त्या दिवसापासून त्याला लोक पाटील म्हणत, पण रस्त्यातून बाजूला होत नसत.

पंचफुलाबाई घावाच्या जागी शेण-माती लिंपत होती. तातेराव जवळ येऊन म्हणाला, "झालं का समाधान?"

"त्यानं तोंडानं म्हटलं का, मल्हारी चोर न्हवता म्हणून?"

"तो कव्हा म्हणायचा, बाई!"

"मग कसलं समाधान!"

दोन वर्षांनी, उन्हाळा संपता संपता, भर दुपारी पाटलीणबाई शालूबाई तिच्या दारात आली. नऊवारीचा पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, कडेवर पाच वर्षांची नात. पोरीचं नाव मनकर्णा. पोरीच्या बोटांच्या बेचक्यांत, काखेत, पोटावर खरूज इतकी पिकली होती की ती रडायचीही थकली होती.

"पंचफुलाबाई," शालूबाई म्हणाली, "वैद झाले, वसमतचा डाक्टर झाला. लेकराला झोप न्हाई. वाटीभर तेल द्या."

पंचफुलाबाईनं पोरीकडं पाहिलं. हात पुढं झाला होता, तो तिनं पदराखाली घेतला.

"देते. बाटलीभर देते. पहिल्यांदा सांगा, तुमचे तोडे कुठं होते?"

शालूबाई उंबऱ्यापासून एक पाऊल मागं सरली.

"अकरा वर्षं झाली, पाटलीणबाई. चोरी झाली असती तर मालकानं सणाला दुसरे केले असते. तुमच्या हातात परत चांदीच आली न्हाई. मी बघत आले. तोडे गेले न्हाईत, लपले. कुठं होते?"

"उतरंडीत," शालूबाई हळूच म्हणाली. "खालच्या मडक्यात. मालकानं सांगितलं, बोललीस तर माहेरी घालवीन."

"मला नका सांगू. मला ठाऊकच हाय. गावाला सांगा."

"मी? मी चार माणसांत कव्हा उभी राहिले का?"

"तर मग तेल न्हाई."

शालूबाई नंतर पोरीला खांद्यावर घेऊन निघाली. पुंजाजी गोठ्याच्या तोंडाशी होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो भावजयीवर ओरडला.

"लेकराचा काय गुन्हा गं, वैनी?"

"माझ्या मल्हारीचा काय होता?" ती ओरडली, आणि घाण्याच्या मागं जाऊन बसली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. पोरीचं खाजवणारं बोट तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तरीही ती उठली नाही. उठले तर अकरा वर्षं पाण्यात, असं ती मनाला बजावत राहिली. पुंजाजी तिच्याशी पोळ्यापर्यंत बोलला नाही. भाकरी घेई आणि पाठ करून खाई.

पोळ्याला सगळं गाव मारुतीच्या पुढं जमतं. बैल रंगवलेले, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. पाटलाच्या मानाच्या बैलानं तोरणाखालून पहिल्यांदा जायचं, ही रीत. व्यंकटरावाच्या बैलाचा कासरा गड्याच्या हातात होता आणि व्यंकटराव फेटा बांधून पारावर बसला होता. पंचफुलाबाई धनगरांच्या बायांत लांब उभी होती.

तेवढ्यात बायांची गर्दी बाजूला झाली. शालूबाई पायीच येत होती. कडेवर मनकर्णा, दुसऱ्या हातात फडक्याची पुरचुंडी. ती तोरणाखाली, बैलाच्या पुढं येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. तिनं फडकं सोडलं. काळे पडलेले दोन चांदीचे तोडे.

"हे माझे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नाही. कोणीतरी वाजंत्री थांबवली. मग ती पुन्हा बोलली, आणि या वेळी गावानं ऐकलं. "हे कव्हाच चोरीला गेले न्हवते. माझ्याच घरात होते. मला ठाऊक होतं, आन् मी गप बसले. मल्हारी चोर न्हवता."

व्यंकटराव उठला. "घरात चल."

"तुमी व्हा पुढं."

"शालू! घरात चल म्हनलं ना!"

शालूबाई हलली नाही. व्यंकटराव पारावरून उतरला आणि एकटाच चालू लागला. फेट्याचं टोक सुटून पाठीवर लोंबत होतं, ते कोणी सांगितलं नाही. तातेरावानं आपला बैल पुढं घेतला, आणि त्या साली तोरणाखालून पहिल्यांदा तोच गेला.

पंचफुलाबाई गर्दीतून शालूबाईपर्यंत आली आणि तिनं पोरीला आपल्या कडेवर घेतलं. घरी नेऊन कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली आणि अंगभर कोमट तेल चोळलं. नऊ दिवस शालूबाई पोरीला घेऊन येत राहिली. नवव्या दिवशी मनकर्णा घाण्याच्या बैलामागं गोल गोल पळत होती.

पुंजाजीला वाटलं, आता वैनी निवल. तिलाही तसंच वाटलं होतं. पण मल्हारीच्या सुजलेल्या पायांची आठवण आली की छातीत तोच डूख उठायचा, तसूभरही कमी झालेला नव्हता. आता त्याला करायला काम तेवढं उरलं नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात व्यंकटराव स्वतः आला. निजामाचं राज्य जायला आलं होतं, ठाण्यातला जुना फौजदार केव्हाच गाशा गुंडाळून पळाला होता. व्यंकटराव काठी टेकत आला. पायाच्या घोट्याला चिंध्या गुंडाळलेल्या. त्याला मधुमेह झाला होता आणि जखम चिघळली होती, तिचा वास दारापर्यंत येत होता.

"पंचफुले, आता तरी सोड," तो म्हणाला. "माझं काय राहिलं हाय?"

"बायकूनं सांगितलं ते तुमी सांगितलं का?"

"ती बोलली, तेच झालं की."

"ती तिचं बोलली. तुमचं बाकी हाय."

 त्याला म्हणता आलं नाही. म्हातारा झाला, पाय सडला, गाव हातचं गेलं, तरी ते चार शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. पंचफुलाबाईनं त्याची बरीच वाट पाहिली. मग ती वळली आणि घाण्याला बैल जुंपला. बाईनं मागं पाहिलं नाही. काठीचा आवाज लांब जाताना तेवढा ऐकला.

मार्गशीर्षात तो गेला. गाव मातीला गेलं, पुंजाजीही गेला. पंचफुलाबाईनं मेंढरं सोडली आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. संध्याकाळी तिनं पिठलं केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या, टोपली झाकली आणि पाटलाच्या घरी गेली. त्या उंबऱ्याच्या आत तिनं पाय ठेवला तो जन्मात पहिल्यांदा.

शालूबाई भिंतीला टेकून बसली होती. "तुमी आलात?"

"तुमच्यासाठी आन् पोरीसाठी आले," पंचफुलाबाई म्हणाली. "घास खाऊन घ्या. दिवसभर पोटात काही न्हाई तुमच्या."

आणि तिनं भाकरी मोडून मनकर्णाच्या हातात दिली.